दहा नंबरची जर्सी

आज सकाळी फेसबुकने मला १३ जून २०१९ च्या रात्रीचा एक फोटो पुन्हा दाखवला आणि मी तो आनंदाने सगळ्यांसाठी टाकला. त्या रात्री आपल्या टोरांटो रॅप्टर्सनी एनबीए, म्हणजे उत्तर अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग, जिंकली होती. फोटोत कॅनडातल्या टोरांटोशेजारच्या मिसिसागाचा सेलिब्रेशन स्क्वेअर, मागे मोठा पडदा, तुडुंब गर्दी आणि पुढे माझा अकरा वर्षांचा मुलगा, अंगात डीमार डरोझनची, म्हणजे रॅप्टर्सने आदल्याच वर्षी दुसऱ्या संघाला देऊन टाकलेल्या खेळाडूची, दहा नंबरची जर्सी. दुपारपर्यंत अनेकांनी त्याखाली आपापल्या त्या रात्रीच्या आठवणी लिहिल्या. मग आपल्याच ओळखीतल्या, आमच्या घरी कितीदा तरी जेवून गेलेल्या एका गृहस्थांनी लिहिले, "ज्याला हाकलले म्हणून आपण जिंकलो, त्याचीच जर्सी? मुलाला कुणी सांगितले नाही का?" आणि पुढे हसणारे तीन चेहरे.

त्या 'हाकलले' या शब्दावरून माझे मन दिवसभर हलले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मुलाला सांगायची गरज नव्हती. त्याला सगळे ठाऊक होते. ती जर्सी आम्ही २०१६ मध्ये त्याच्या आठव्या वाढदिवसाला घेतली. आम्हाला इथे येऊन वर्षही झाले नव्हते, घरात एकच पगार होता आणि तिची किंमत पाहून मी दुकानातून दोनदा बाहेर पडले होते. शाळेत तो कुणाशी बोलत नसे, डबा एकटाच खात असे. ती जर्सी घालून तो पहिल्यांदा इमारतीमागच्या कोर्टावर गेला, तेव्हा तिथल्या मोठ्या मुलांनी "ए डीमार, इकडे ये" अशी हाक मारली. संध्याकाळी घरी येऊन त्याने मला ती हाक चार वेळा म्हणून दाखवली.

त्याच उन्हाळ्यात डरोझनचा करार संपला होता. दुसऱ्या कुठल्याही संघाशी बोलणी न करता त्याने रॅप्टर्सबरोबर पाच वर्षांचा नवा करार केला. हे किती मोठे होते, हे इथे जुने असलेल्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. टोरांटो हे खेळाडूंनी सोडून जाण्याचे शहर होते. मॅकग्रेडी गेला, व्हिन्स कार्टर गेला, २०१० मध्ये ख्रिस बॉश गेला. बॉश गेला तेव्हा कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा, विशीतला हा मुलगा इथल्या लोकांना म्हणाला होता की काळजी करू नका, मी आहे. आणि तो राहिला. नऊ हंगाम राहिला, या संघासाठी सर्वाधिक गुण केले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे बोलला. इतका मोठा खेळाडू असे बोलू शकतो, हे पाहून किती घरांत किती मुले आईवडिलांशी बोलली असतील!

मान्य आहे, प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, तो कमी पडत असे. २०१८ मध्ये नियमित हंगामात ५९ सामने जिंकून ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगच्या पूर्व गटात, पहिला आलेला आपला संघ क्लीव्हलंडकडून ४-० असा हरला. त्या मालिकेच्या तिसऱ्या सामन्यात शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याला बाकावर बसवावे लागले आणि चौथ्या सामन्यातून पंचांनीच त्याला बाहेर काढले. प्रशिक्षक ड्वेन केसींना मे महिन्यात काढून टाकले गेले आणि जूनमध्ये लीगने त्यांनाच वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवले, यात जे काही समजून घ्यायचे ते प्रत्येकाने घ्यावे.

मग १८ जुलै २०१८ ची ती खेळाडूंची अदलाबदल. डरोझन, याकोब पर्टल आणि ड्राफ्टमधला, म्हणजे लीगमध्ये येणारे नवे खेळाडू निवडण्याचा, पहिल्या फेरीचा एक हक्क सॅन अँटोनियोला, आणि त्या बदल्यात कवाय लेनर्ड व डॅनी ग्रीन टोरांटोला. काहीच दिवसांपूर्वी संघाचे अध्यक्ष मसाई उजिरी डरोझनशी बोलले होते आणि आपण इथेच राहणार, असा त्याचा समज झाला होता. उजिरींनी नंतर जाहीरपणे त्याची माफी मागितली, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. ती बातमी आली त्या दिवशी माझ्या मुलाने जर्सीची घडी घातली आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, हिवाळी हातमोज्यांखाली ठेवून दिली. मी म्हटले, आपण दोन नंबरची, कवायची घेऊ. तो म्हणाला, "नको, मला कुठलीच नको."

आता तो हंगाम. तो मला पाठ आहे आणि त्यातले काहीही मी कुणाला कमी करू देणार नाही. निक नर्स एनबीएमध्ये पहिल्यांदाच मुख्य प्रशिक्षक झाले होते. लेनर्ड दुखापतीतून आलेला, म्हणून त्याला ८२ पैकी ६० च सामने खेळवले, तरीही आपण ५८ जिंकले. फेब्रुवारीत मेंफिसहून मार्क गसोल आला. त्यासाठी योनास व्हॅलान्च्युनस, जो २०१२ पासून आपल्यासाठी झिजत होता, तोही द्यावा लागला. प्लेऑफचा पहिलाच सामना घरच्या मैदानावर ऑर्लँडोकडून हरलो आणि आमच्या घरात पुन्हा तीच जुनी शांतता पसरली. मग फिलाडेल्फिया. १२ मे, सातवा सामना, ९०-९०, आणि कोपऱ्यातून त्यांच्या एम्बीडच्या हातावरून लेनर्डने मारलेला तो चेंडू रिंगवर चार वेळा आपटून आत गेला. चार वेळा! २००१ मध्ये याच फिलाडेल्फियाविरुद्ध, सातव्याच सामन्यात कार्टरचा शेवटचा शॉट हुकला होता, त्याची अठरा वर्षांची सल त्या चार टप्प्यांत विरघळली. पुढे मिलवॉकीविरुद्ध ०-२ असे मागे पडून, तिसरा सामना दोन ओव्हरटाइममध्ये खेचून आणून, सलग चार सामने आपण जिंकलो. आणि अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटला त्यांच्याच ऑकलंडमध्ये, सहाव्या सामन्यात, ११४-११० असे हरवले. त्यांचे ड्युरांट आणि थॉम्पसन जखमी झाले होते हे खरे आहे; पण म्हणून विजेतेपद उणे होत नाही. आपल्या ज्या व्हॅनव्लीटला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलेच नव्हते, त्याने त्या शेवटच्या क्वार्टरमध्ये १२ गुण केले. लावरी आणि सियाकमने सबंध सामन्यात प्रत्येकी २६. अमेरिकेबाहेरच्या संघाने एनबीए जिंकल्याची ती पहिलीच वेळ.

लेनर्डशिवाय हे झाले नसते. हेही मी लिहून देते, एकदाच. तो एक वर्ष राहिला, चषक दिला, जुलैत लॉस एंजेलिसला गेला आणि माझ्या मनात त्याच्याबद्दल कृतज्ञतेखेरीज काही नाही.

पण म्हणून नऊ वर्षे देणाऱ्या माणसाला 'हाकलले' म्हणायचे? फायदा झाला म्हणून त्या दिवशीचे दुःख हास्यास्पद ठरते का? आपण सगळे पोटासाठी हजारो मैल आलेली माणसे आहोत. आपल्यापैकी कितीजणांनी एका ईमेलवर नोकरी गेलेली पाहिली आहे, रिकामे खोके हातात घेऊन पार्किंगपर्यंत चालत गेलेले आहेत. माझे पती तसे चालत गेलेले आहेत. त्यानंतर त्या कंपनीचा नफा वाढला असेलही. म्हणून उद्या कुणी आमच्या घरी येऊन, ज्याला काढले म्हणून कंपनी सुधारली तो हाच का, असे विचारून हसले तर आपण ते ऐकून घेऊ का? नाही घेणार. मग खेळाडूच्या बाबतीत हे हसू येते कुठून? त्याला कोट्यवधी मिळतात म्हणून? ज्या शहराला तो आपले म्हणत होता ते एका दिवसात सुटले, त्याचा पैशाशी संबंध जोडणारी माणसे मला समजत नाहीत.

थोडे रागावून लिहिले गेले. वरचे मी पुसत नाही, पण २२ फेब्रुवारी २०१९ ची रात्रही सांगते, कारण त्या रात्री या शहराने माझ्याहून चांगले उत्तर दिले होते. डरोझन सॅन अँटोनियोच्या कपड्यांत पहिल्यांदा टोरांटोला खेळायला आला. त्याच्या नऊ वर्षांची चित्रफीत दाखवली गेली आणि सगळे प्रेक्षागृह उभे राहिले. आम्ही घरी टीव्हीसमोर होतो. माझा मुलगाही उभा राहिला. सामना अखेरपर्यंत अटीतटीचा झाला आणि शेवटच्या काही सेकंदांत लेनर्डने डरोझनच्याच हातातून चेंडू हिसकावून डंक केला, म्हणजे उडी मारून वरून रिंगमध्ये घातला. आपण १२०-११७ असे जिंकलो. मी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि मुलाकडे पाहून खाली घेतले. तो आनंदात होता आणि रडतही होता, आणि या दोन्हींपैकी कशाची त्याला लाज वाटत नव्हती.

अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्याच्या संध्याकाळी त्याने ती जर्सी खणातून स्वतःहून काढली. खांद्यांत आखूड झाली होती. मी विचारले, नक्की हीच? तो म्हणाला, "तो आज कुठेतरी बघत असेल ना." मग मी काही बोलले नाही. मध्यरात्रीच्या सुमारास सामना संपला, स्क्वेअरमध्ये अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती आणि गर्दीतून दोन नंबरची जर्सी घातलेला एक उंच माणूस आमच्यापाशी थांबला. त्याने माझ्या मुलाच्या पाठीवरचा दहाचा आकडा पाहिला, वाकून त्याच्या मुठीला मूठ लावली आणि निघून गेला. फोटो मी त्यानंतर लगेच काढला आहे. म्हणून मुलाची मूठ त्यात अजून वळलेली दिसते.

फोटो राहील. ती टिप्पणीही मी काढलेली नाही. मुलगा रात्री नऊला कामावरून येतो, तेव्हा त्याला ती दाखवणार आहे. काय उत्तर द्यायचे ते तो ठरवील.