म्हणे, पाच वर्षांत कॉफी मशीन बदला!

कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या दाजींचा छोटा कॅफे आहे. मशीन दोन ग्रुपचं (म्हणजे कॉफी काढायची दोन तोंडं असलेलं), इटालियन, नऊ वर्षांचं. मंगळवारी सकाळी सहज डोकावलो तर दाजी मशीनचं वरचं झाकण काढून, हातात पाना घेऊन उभे. शेजारी ट्रेमध्ये टेफ्लॉन टेप गुंडाळलेला पितळी प्लग. "हे काय चाललंय?" म्हटल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. "कॅफेवाल्यांनो सावधान!" हाच मेसेज मला त्या आठवड्यात दोनदा आला होता, दोन्ही वेळा सोडून दिला. आता घरात शिरला म्हणून लिहितोय.

मेसेज म्हणतो: सरकारी नियमाने मशीनचं आयुष्य पाच वर्षं. पुढे आतला क्षार कॉफीतून पोटात जातो आणि मुतखडा होतो. वीजबिल दुप्पट येतं. कॉफी आंबट लागली की मशीन संपलं समजा. आणि सकाळी वरून वाफ फुसफुसली तर बॉयलर फुटायच्या बेतात आहे, नवीन मशीन येईपर्यंत त्या व्हॉल्व्हला प्लग मारा.

हे शेवटचं आधी घेतो. बाकीच्या थापांनी पैसे जातील, ह्या एकीने माणूस जाईल.

सकाळी मशीन तापताना फुसफुसतो तो व्हॅक्यूम ब्रेकर. रात्री बॉयलर गार झाला की आतली वाफ आटते आणि पोकळी तयार होते. तेव्हा हा उघडून हवा आत घेतो, नाहीतर स्टीमच्या नळीतून दूध बॉयलरमध्ये ओढलं जाईल. सकाळी तीच हवा बाहेर टाकतो आणि पुरेशी वाफ धरली की आपोआप बंद होतो. चार-पाच मिनिटांचा खेळ. तो थांबतच नसेल तर आतलं रबर बदला, विषय संपला.

पण त्याच्या शेजारीच सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेला असतो. दाजींनी पाना लावला होता तो त्याला! का, तर तो मोठा दिसला म्हणून. काय बोलायचं? बॉयलरमध्ये साधारण १ ते १.५ बार दाब असतो, म्हणजे पाणी १२० अंशांच्या आसपास. असं दहा-बारा लिटर पाणी काउंटरवरच्या पोरांच्या छातीच्या उंचीवर. उद्या दाब भरल्यावर हीटर बंद करणाऱ्या प्रेशर स्विचचे पॉइंट चिकटले की हीटर थांबायचं नाव घेत नाही, आणि मग तो व्हॉल्व्ह उघडला तरच निभावतं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींनी फुगते. तिची वाट प्लग मारून बंद करायची, आणि हा म्हणे सुरक्षेचा सल्ला.

आता मुतखडा. क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, तापलेल्या पाण्यातून भांड्याला धरतो तोच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे जे पाणी माणसाला चालतं त्याने मशीन मरतं. उलटं नाही. २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रं बुडाली तेव्हा शहरात कित्येकांनी बोअरवर दिवस काढले. तसलं कठीण पाणी सॉफ्टनरशिवाय (क्षार काढणाऱ्या फिल्टरशिवाय) मशीनला लावलंत तर दोन वर्षांचं मशीनही बसेल, हे मात्र खरं.

वीजबिलाचं थोडक्यात: हीटरची कॉइल पाण्यात बुडालेली असते, क्षाराचा थर कितीही जाड असला तरी उष्णता जाते पाण्यातच. दुप्पट बिल येणार कुठून? जळते ती कॉइल, आणि ती बदलता येते.

सरकारी नियम म्हणाल तर आयकरात सर्वसाधारण यंत्रांना घसारा १५ टक्के, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. चार लाखांचं मशीन पाच वर्षांनी वहीत सुमारे १ लाख ७७ हजारांचं उरतं. मेसेजच्या तळाशी एक्स्चेंज ऑफर आणि मोबाइल नंबर होता, तो नियम तिथला असावा.

मशीन कधीच बदलू नये असं मी म्हणत नाही. बॉयलरच्या पत्र्याला बारीक भोकं पडायला लागली, कंट्रोल बोर्ड कंपनीने बनवणंच बंद केलं, किंवा दर शनिवारी ऐन गर्दीत मेकॅनिकला फोन जात असेल, तर घ्या नवीन. आमच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर नॉब, स्पिंडल काय वाट्टेल ते करून मिळतं, बोर्ड मिळत नाही. (सेफ्टी व्हॉल्व्हही तिथे करून घेऊ नका, मीच सांगतो, मी तिथलाच आहे.) पण निव्वळ वय? १९६१ साली आलेल्या, फाएमा या इटालियन कंपनीच्या ई-६१ मॉडेलची जुनी मशीनं अजून चालतात आणि त्यांचे गॅस्केट आजही मिळतात.

राहिली आंबट कॉफी. दाजींकडे एस्प्रेसोचा एक शॉट काढून बघितला. पंचवीस-तीस सेकंद लागायला हवेत, कप बारा सेकंदांत भरला. पंपाच्या प्रेशरचा काटा मात्र हवा तसा नऊ बारवर, म्हणजे पंप ठणठणीत. पावडर चिमटीत घेतली तर अर्धी रवा, अर्धी पीठ. अशा दळणातून पाणी पळून जातं आणि कॉफी आंबट उतरते.

"दाजी, ग्राइंडरचे बर, त्या दळायच्या चकत्या, कधी बदलल्या?"

"ग्राइंडरमध्ये पण काही बदलायचं असतं?"