फोर्स मारल्याने स्पॅम फिल्टर सुरू होत नाही

चवथ जवळ आली की म्हापसा-पणजीकडच्या आम्हा सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: अपडेटनंतर स्पॅमॲसॅसिनचा (स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्रामचा) पॅकेज कॉन्फ्लिक्ट आला तर डोकं खाजवत बसू नका. फोर्सने, म्हणजे जबरदस्तीने, इन्स्टॉल करा. मॉड्यूल (प्रोग्रामला लागणारा सुटा भाग) मिळत नसेल तर सीपॅन या पर्ल मॉड्यूलांच्या ऑनलाइन साठ्यावरून ओढा. चालू झालं की पॅकेज कायमचं होल्ड करा, म्हणजे त्याचं अपडेट थांबवा. तरीही अडलं तर पर्ज करून, म्हणजे सेटिंग्जसकट काढून, नव्याने घाला. मेल येऊ लागले की काम फत्ते.

पाठवणाऱ्यांत माझे दोन मित्रही आहेत, म्हणून रागाने लिहीत नाही. पण शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच.

मेल येतोय याने काही सिद्ध होत नाही. स्पॅमॲसॅसिनचा स्पॅमसी हा छोटा प्रोग्राम मेल तपासायला स्पॅमडी या मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामकडे देतो. स्पॅमडी मरून पडलेला असेल तर, वेगळं सांगितलेलं नसल्यास, स्पॅमसी तोच मेल जसाच्या तसा पुढे सोडतो. हे मुद्दामच केलंय, फिल्टर पडला म्हणून कोणाचं कामाचं पत्र अडू नये यासाठी. कळंगुटच्या एका हॉटेलाचा सर्व्हर डेबियन लिनक्सच्या आवृत्ती 11 वरून 12 वर नेला तेव्हा मी स्वतः यात फसलो. फोर्स मारला, मेल वाहू लागले, आणि मी घरी नेवऱ्या खायला गेलो. तिसऱ्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन: "दादा, बुकिंगपेक्षा लॉटऱ्याच जास्त लागतात हल्ली." कारण साधं होतं. डेबियन 12 मध्ये स्पॅमडी वेगळ्या पॅकेजात गेला आणि सर्व्हिसचं नावही बदलून स्पॅमडी झालं. मी जुन्याच नावाने हाका मारत होतो. ज्याला मी कॉन्फ्लिक्ट समजून फोर्स मारला, त्याचा या दुखण्याशी संबंधच नव्हता. (अमाविस हा मेल-तपासनीस वापरत असाल तर स्पॅमडी लागतच नाही, तो स्पॅमॲसॅसिनची लायब्ररी थेट उचलतो.)

खात्री करायची तर जीट्यूब नावाची ठरलेली चाचणी-ओळ घालून बाहेरच्या पत्त्यावरून स्वतःला मेल पाठवा. स्पॅम ठरायला मुळात 5 गुण पुरतात, या ओळीला स्पॅमॲसॅसिन 1000 देतं. ती निमूट इनबॉक्सात येऊन बसली तर फिल्टर झोपलाय.

आता फोर्स. डीपीकेजी (डेबियनवर पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) जेव्हा म्हणतो की ही फाइल आधीच दुसऱ्या पॅकेजाची आहे, तेव्हा तो तुम्हाला दोन्ही धन्यांची नावं सांगत असतो. एका जमिनीला दोन धनी निघाले की काय होतं, हे गोव्यात कोणाला समजवायला नको. फोर्स मारला की फाइल नव्या पॅकेजाच्या नावावर चढते. पुढे कधी ते नवं पॅकेज काढलंत, तर फाइलही त्याच्याबरोबर जाते आणि जुनं पॅकेज कागदोपत्री शाबूत, प्रत्यक्षात लंगडं राहतं. यात फायदा कोणाचा?

सीपॅनची गोष्ट जास्त गुंतागुंतीची, आणि माझ्या अनुभवात निम्मे घोळ तिथलेच. स्पॅमॲसॅसिन पर्लमध्ये लिहिलेलं आहे आणि पर्ल मॉड्यूल शोधताना फोल्डरांची एक यादी ओळीने पाहतं. डेबियनवर सीपॅनचा माल यूएसआर-लोकलखाली जातो आणि यादीत तो फोल्डर पॅकेजांच्या आधी येतो. दारात सकाळी दोन पदेर येत असतील तर आधी पों-पों करणाऱ्याचेच पाव घरात जातात, तसं. ॲप्टने (डेबियनची पॅकेजं उतरवून आणणाऱ्या प्रोग्रामने) नेट-डीएनएसचं दुरुस्त केलेलं मॉड्यूल आणलं तरी चालतं सीपॅनचं जुनंच. पुढे डेबियनची आवृत्ती बदलली की पर्लही बदलतं. त्या फोल्डराच्या नावातच पर्लचा आकडा असल्याने जुना फोल्डर यादीतून बाद होतो आणि मॉड्यूल एका रात्रीत गायब! म्हणून आधी पर्लला विचारा की मॉड्यूल कुठल्या फाइलीतून उचललंस, मग डीपीकेजी-एसला (एस मोठ्या लिपीतला) विचारा की ती फाइल कोणाची. कोणाचीच नाही असं उत्तर आलं तर चोर सापडला. बहुतेक मॉड्यूलं ॲप्टमध्ये पॅकेज म्हणून असतातच, तिथूनच घ्या.

होल्डबद्दल फार लिहीत नाही. एप्रिल 2010 मध्ये क्लॅमएव्ही या व्हायरस-तपासनीसाने सिग्नेचर अपडेटमधूनच (व्हायरस ओळखायच्या खुणांच्या अपडेटमधूनच) आपल्या 0.94 आणि त्याआधीच्या आवृत्त्या बंद पाडल्या होत्या. कायमच्या होल्डवर विसंबलेल्यांचा मेल तेव्हा कसा अडला असेल, ते सांगायला नको. आणि ॲप्ट "हेल्ड ब्रोकन पॅकेजेस" म्हणतो तेव्हा खरंच काही होल्डवर असेलच असं नाही. ॲप्ट-मार्कला यादी दाखवायला सांगा, बहुतेकदा रिकामी निघते.

राहिला पर्ज. त्याने इटीसी फोल्डरातल्या तुमच्या सेटिंग्ज जातात, आणि बेझचा (शिकवलेल्या पत्रांवरून स्पॅम ओळखणाऱ्या भागाचा) डेटाबेस पॅकेजाच्या फोल्डरात ठेवला असेल तर त्यावरही पाणी पडू शकतं. बेझ नव्याने बोलू लागायला किमान 200 स्पॅम आणि 200 चांगली पत्रं शिकवावी लागतात. रिसेप्शनवरच्या त्या मुलीला मी हे सांगून पाहिलं. पुन्हा दोनशे लॉटऱ्या निवडून द्यायचा तिचा काही विचार दिसला नाही.