भातलावणीची पिकनिक म्हणजे शेतकऱ्याला मदत नव्हे

पाऊस सुरू झाला की ठाण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज येतोच, चला शेतात, भातलावणीचा अनुभव घ्या. गेल्या रविवारी आमचीही बस गेली, मुरबाडच्या पुढे टोकावड्याकडे. शहाडला नेहमीचं ट्रॅफिक, ते सोडा. पण सरळगाव मागे पडलं आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहिली ना, तेव्हा बसमधला अंताक्षरीचा गोंगाटसुद्धा थांबला. ढग जरा सरकले तर नाणेघाटाचा अंगठा, म्हणजे घाटमाथ्यावरचा तो अंगठ्यासारखा सुळका, पण दिसला. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल याच घाटाने जुन्नरला चढायचा, हे मी मुलांना सांगितलं, एकानेही कान दिला नाही.

ट्रिप मस्तच झाली. पण संध्याकाळी ग्रुपवर फोटो पडले आणि खाली काय, तर "बळीराजाला मदतीचा हात". इथे माझं डोकं फिरलं.

कारण मी बांधावर शेतातल्या काकूंच्या शेजारीच उभी होते. त्यांच्या हातात रोपांची मूठ, दोन-तीन काड्या अंगठ्याने सुट्या करायच्या आणि चिखलात वरच्यावर टोचायच्या, की झालं, बघता बघता मागे सरकत ओळ तयार. आमची मंडळी एका जागी दहा-दहा काड्या कोंबत होती, त्याही कोपरापर्यंत हात घालून. रोप खोल गेलं की फुटवे, म्हणजे बुडातून फुटणाऱ्या नव्या काड्या, कमी येतात आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी, एवढा साधा हिशोब आहे. शिवाय लावलेल्यावर पाय देऊन सेल्फी! मी काकूंना म्हटलं, हे काय हो करून ठेवलंय आमच्या लोकांनी. त्या हसल्या, "ऱ्हाऊ दे ताई, तुम्ही गेल्यावर नीट करून घेऊ."

म्हणजे डबल काम. तेही जुलैत, जेव्हा राबातली, म्हणजे आधी दाट पेरून वाढवलेली रोपं तयार असतात, साधारण तीन-चार आठवड्यांची झाली की लावलीच पाहिजेत, उशीर झाला की उत्पन्न घटतं, आणि गावात सगळ्यांची आवणी, म्हणजे लावणी, एकदमच त्यामुळे मजूर मिळत नाहीत.

मग जाऊच नये का? असं अजिबात नाही. जा, पण गिऱ्हाईक म्हणून जा, उपकार करायला नको. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं ते याचसाठी, शेतकऱ्याला शेत दाखवून, जेवू घालून रीतसर चार पैसे मिळावेत म्हणून. आम्ही काय केलं, तर माणशी पैसे भरले ते ट्रिपवाल्याला, त्यातले शेतकऱ्याला किती पोचले हे विचारलं तर तो विषयच बदलतो. वर रस्त्यात करटुली विकणाऱ्या बाईशी वीस रुपयांसाठी घासाघीस. घोडबंदरच्या मॉलमध्ये कराल का हो?

पुढच्या वर्षी जायचंच तर माझं म्हणणं, थेट शेतकऱ्याशी ठरवा, आपल्यासाठी कोपऱ्यातलं एखादं खाचर वेगळं ठेवायला सांगा, त्याचे पैसे द्या आणि मग त्यात खुशाल लोळा. जेवण त्यांच्याच घरचं. इथून ढोकळ्याचे डबे न्यायची काय गरज होती कळलं नाही, तिथली तांदळाची भाकरी आणि टाकळ्याची भाजी खाऊन बघा एकदा.

आणि काकूंचा नंबर मी घेतलाय. दिवाळीनंतर नवा तांदूळ येईल, दहा किलोच्या खाली नाही, भाव त्या सांगतील तोच. पाहिजे त्यांनी मला मेसेज करा.