ट्रायलच्या ३०० रुपयांबद्दल, मालकाकडून

नमस्कार भाऊ. एक स्टार दिला, तो तुमचा हक्क आहे. "जुनी गाडी नुसती चालवून पाहायचे ३०० रुपये घेतले, नवीन गाडीच्या शोरूमवाले फुकट देतात, हे दुकान नाही लूट आहे, वरून लायसन मागतात" असं तुम्ही लिहिलं. लोक वाचून राहिले म्हणून उत्तरही इथंच देतो.

आधी आमची चूक. पैसे लागतात हे पोरानं चावी देतानाच सांगायला पाहिजे होतं, त्यानं सांगितलं गाडी परत आल्यावर. पाटी आहे पण ती आत ऑफिसात, कॅलेंडरच्या मागं, ते कोणाला दिसणार. तुमच्या जागी मी असतो तर मीबी भडकलो असतो. तुमचे ३०० काढून ठेवले आहेत, घेऊन जा. पाटी कालच बाहेर लावली.

आता पैसे काहून घेतो ते सांगतो. परतवाड्यात बायपासपर्यंत चक्कर मारून या, पाच-सहा किलोमीटर, ते आजही फुकट आहे आणि फुकटच राहील. जो माणूस संत्र्याच्या बागेचे पैसे आले म्हणून अडीच लाखाची गाडी घ्यायला येतो त्याला न चालवता गाडी घे म्हणणं बरोबर नाही, आणि गाडीला हात लावायचेच पैसे घेणारा डीलर असेल तर त्याला माझ्याकडूनही एकच स्टार. पण तुम्ही "घाट चढते का पाहतो" म्हणून चिखलदऱ्याच्या रस्त्याला लागले आणि परत आले तेव्हा मीटरवर ५२ किलोमीटर वाढले होते. घाटात पाहणं चूक नाही, उलट मीच म्हणतो जुन्या गाडीचा क्लच घाटातच खरं बोलते, सपाट रोडवर सगळ्याच गाड्या मक्खन वाटतात. पण चार माणसं बसवून एसी लावून घाटात वॅगनआर १२-१३ च्या वर ॲव्हरेज देत नाही, म्हणजे चार लिटर पेट्रोल गेलं, लिटर शंभराच्या वर, मंग सांगा ३०० मध्ये मी लुटलं कोणाला?

शोरूमचं म्हणाल तर तिथं कंपनीची एक डेमो गाडी असते, सगळं गाव तीच चालवते आणि तुम्हाला मिळते कोरी. माझ्याकडं जी तुम्ही चालवता तीच विकायची असते, दुसरी नाही. त्यात ही वॅगनआर माझी पण नाही, एका रिटायर गुरुजींनी विकायला ठेवली आहे आणि ते दर रविवारी येऊन मीटर पाहून जातात!

आणि हा नियम मी हौसेनं नाही काढला बाप्पा. मागं यात्रेच्या दिवसात एक जण "घरी दाखवून आणतो" म्हणून गाडी घेऊन गेलते, घरचं सगळं खटलं घेऊन थेट बहिरमच्या यात्रेले. संध्याकाळी गाडी आली तर मागच्या सीटवर हंडीच्या मटणाचा रस्सा, डिक्कीत रोडगे भाजायच्या गोवऱ्यांची राख. आणि वरून म्हणतात कसे, "गाडीत वास येते, नको." तेव्हापासून लांबच्या ट्रायलचे ३००, गाडी घेतली तर किमतीतून वजा.

लायसनचा राग मात्र ठेवू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून बिगर लायसनचा चालवणारा सापडला तर त्याला ५००० आणि त्याच्या हाती गाडी देणाऱ्यालाही ५०००. आणि एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरला कोणी चालवली, कशासाठी, किती किलोमीटर याची नोंद ठेवायचाच नियम आहे, म्हणून ते ५२ किलोमीटर माझ्या मनातले नाहीत.

एक गोष्ट तुमच्यामुळं बदलली. घाटात आम्ही न सांगितलेला दोष निघाला तर ३०० जाग्यावर परत. तुम्ही म्हणाले दुसऱ्या गिअरला आवाज येते, मिस्त्रीला दाखवलं, येतेच, गिअरबॉक्सचं काम सुरू आहे.

झालं की सकाळी ८ च्या आत या, थंड इंजिन स्टार्ट करून पाहा, आम्ही आधी गरम करून ठेवत नाही. फक्त रविवार सोडून या, गुरुजी असतात.