बट्टीने पळवलेल्या गाड्या

कुत्र्याचं पिल्लू कमी भुंकावं म्हणून काय करायचं याचे व्हिडिओ मी एवढे बघितलेत की आता मोबाईल उघडला की आधी हातात बिस्कीट घेतलेला कोणीतरी गोरा माणूसच दिसतो, पण त्यांच्यातल्या एकाचंही घर भुसावळात रेल्वेलाइनला लागून नाही, हाच सगळा घोळ आहे. मागे हिरवळ, लाकडी कुंपण, लांबून एखादा सायकलवाला जातोय, त्यांचं कुत्रं दोनदा भुंकतं आणि ते तोंड पाडून सांगतात की ही गंभीर समस्या आहे. अरे बाबा, आमच्या मागच्या खिडकीतून मुंबईची गाडी, नागपूरची गाडी, इटारसीकडे जाणारी गाडी, मधेच कोळशाची मालगाडी, आणि काहीच नसलं तर नुसतं इंजिन, शतपावलीला निघाल्यासारखं एकटंच.

पिल्लाचं नाव बट्टी. मुलांनी ठेवलं, कारण आणलं तेव्हा ते वरण-बट्टीतल्या बट्टीसारखंच गोल आणि खरपूस रंगाचं होतं. अस्सल गावठी. सुरुवातीला एवढी गपगार होती की आम्ही पाहुण्यांना सांगायचो, फार गुणी आहे हो, आवाजच नाही. मग तिचे पुढचे पाय खिडकीच्या कट्ट्यापर्यंत पोचायला लागले आणि तिला कळलं की जगात रेल्वे आहे.

लसीकरणाला नेलं तेव्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आधी बघा का भुंकते. कंटाळा आलाय म्हणून, लक्ष द्या म्हणून, एकटं वाटतं म्हणून, की कोणी आपल्या हद्दीत आलं म्हणून, प्रत्येकाचा इलाज वेगळा. मग त्यांनी पोस्टमनचं गणित सांगितलं. पोस्टमन येतो, कुत्रं भुंकतं, पोस्टमन पत्र टाकून निघून जातो. तो जाणारच असतो, पण कुत्र्याला वाटतं आपणच हाकलला, म्हणून दुसऱ्या दिवशी ते जास्त जोरात भुंकतं. मी घरी येईपर्यंत गाडीवर याच्यावरच विचार करत होतो आणि मग डोक्यात प्रकाश पडला. पोस्टमन दिवसातून फार तर एकदा येतो. बट्टीकडे दिवसरात्र गाड्या येतात, ती भुंकते आणि प्रत्येक गाडी निघून जाते. प्रत्येक! एकही गाडी आजपर्यंत थांबून म्हणाली नाही की नाही जात, काय करायचं ते कर. पंजाब मेल १९१२ सालापासून धावते, इंग्रज गेले, वाफेची इंजिनं गेली, पण ती कोणाला भ्यायली नाही, आणि तिला आमची अडीच वीत लांबीची कुत्री रोज पळवून लावते. एवढा रेकॉर्ड असल्यावर मी असतो तरी भुंकलो असतो.

घरात सगळ्यांनी आपापल्या परीने सुरू केलं. बायको म्हणायची 'शांत', मुलं म्हणायची 'क्वाएट', मी 'ए ए ए', आणि माझी आई, माहेर अमळनेरकडचं, ती 'गप वं माय, गप'. सगळे एकदम ओरडायचे. डॉक्टरांचं म्हणणं, तुम्ही ओरडलात की तिला वाटतं अख्खं घर मदतीला आलं. खरंच, तिचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असायचा, शेपटी हलवत एकदा आमच्याकडे बघायची आणि दुप्पट जोर लावायची. आईला हा सगळा प्रकारच मान्य नव्हता. तिचा एकच प्रश्न, "कुत्रं भुकी नई ते काय आरती म्हनी का?"

दुर्लक्ष करा, हा सल्ला तर सगळेच देतात. तो लक्ष वेधायला भुंकणाऱ्याला लागू पडतो, आणि तिथेही भुंकणं बंद व्हायच्या आधी चांगलंच वाढतं, त्या वाढीला घाबरून तुम्ही बिस्कीट दिलं की संपलं, त्याला कळतं की रेट वाढलाय. पण आमच्या बट्टीला आमचं लक्ष नकोच होतं. तिला गाडी घालवायची होती, आणि ती जात होती. आम्ही दुर्लक्ष केलं काय, नाही केलं काय.

मग आवाजाची सवय लावणे. म्हणजे मोबाईलवर गाडीचा आवाज आधी अगदी बारीक लावायचा, ती शांत असली की खाऊ द्यायचा, मग हळूहळू आवाज वाढवायचा. पद्धत चांगली आहे, फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांना वापरतात. मी पलंगावर बसून मोबाईलवर गाडीचा आवाज शोधून लावला. आई दारातून बघत होती. म्हणाली, "आरे, खिडकी उघड ना. खरी गाडी फुकट ऐकू येस."

शेजारचे काका रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. आता त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून, पण काकांसमोर तो शब्द काढायचा नाही. मला वाटलं तक्रार घेऊन येतील. आले, खुर्चीत बसले, म्हणाले, "काय भो, तुमची बट्टी तर एकदम बरोबर टाइम देऊन राहिली." आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंत, आणि लांबचं बारीकही येतं, त्यामुळे गाडी दिसायच्या बऱ्याच आधी बट्टी खिडकीत हजर. काकांनी तिच्या भुंकण्यावर चहा टाकायला सुरुवात केली होती. गाडी लेट असली की तिला विचारायचे, काय बाई, अजून आली नाही का? अशा माणसाकडून मला काय सपोर्ट मिळणार.

उन्हाळ्यात मात्र एकदम शांतता. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कूलर दिवसरात्र चालू असतो, आणि त्या घरघरीत गाडीचा आवाज बुडून जायचा. बट्टी कूलरसमोर पोट टेकून झोपलेली. एकसारखा आवाज चालू ठेवला की बाहेरचे आवाज झाकले जातात, हे त्या गोऱ्या माणसानेही सांगितलं होतं, त्यासाठी तो एक मशीन विकत होता. आमचं मशीन पाणी पण मारतं. पण पाऊस पडला, कूलर माळ्यावर गेला आणि बट्टी ड्युटीवर आली.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलेली साधीच पद्धत. घरात शब्द एकच, 'गप', आणि तोही हळू आवाजात. ती भुंकायला लागली की खाऊ नाकाजवळ न्यायचा, वास घ्यायला ती थांबते, त्या थांबलेल्या क्षणात 'गप' म्हणायचं आणि लगेच द्यायचा. उशीर केला तर तिला कळत नाही कशाचे मिळाले. मग ती शांतता एक सेकंद, दोन, पाच अशी ताणत न्यायची. खिडकीच्या खालच्या काचेला दुधी कागदही चिकटवला, दिसणंच बंद. खाऊ काय, हा प्रश्न होता. व्हिडिओत उकडलेलं चिकन, आईच्या स्वयंपाकघरात ते शक्य नाही, आणि भरितावर बट्टीने कितीही जीव टाकला तरी ते देता येत नाही, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. मग केळं. थोडंथोडं चालतं, आणि रावेर-यावलच्या इतक्या जवळ राहून केळ्याला कमी नाही. बारीक चकत्या करून डबी खिशात. ऑफिसात पण खिशाला केळ्याचा वास.

घरात गाडी नसताना 'गप' एकदम पाठ. गाडी आली की पाटी कोरी.

मग एका संध्याकाळी मालगाडी आली आणि सिग्नल न मिळाल्याने आमच्या खिडकीसमोर उभी राहिली. कोळशाची, ५८-५९ डब्यांची. बट्टीने दुधी कागदाच्या वरून मान काढून नेहमीसारखं सुरू केलं. गाडी ढिम्म. तिने सूर बदलला. ढिम्म. मग ती उतरली, दुसऱ्या खिडकीत गेली, तिथूनही गाडीच. काका कुंपणावरून बघत होते, म्हणाले, "लाल आहे बाई, त्याचा काय दोष." बरंच भुंकून झाल्यावर ती थांबली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता वरिष्ठांनी लक्ष घालावं अशा नजरेने. मी हळूच 'गप' म्हटलं आणि चकती दिली. ती खाल्ली. अजून एक दिली. अशी आमची शांतता चालू असताना कपलिंग खडखडली आणि गाडी आपोआप हलली. बट्टीने तिकडे बघितलं, तोंड उघडलं, माझ्या हातातल्या डबीकडे बघितलं, तोंड मिटलं.

आता मालगाडीला ती एकदाच भुंकते आणि लगेच येऊन माझ्या खिशाशी बसते, पगार घ्यायला. आई म्हणते हिला भुंकायचेच पैसे मिळतात, आणि डॉक्टरांचंही तेच म्हणणं, म्हणून आता ते पहिलं भुंकणं व्हायच्या आत चकती द्यायची प्रॅक्टिस चालू आहे, म्हणजे गाडी मला तिच्याआधी ऐकू यायला पाहिजे. काका मला शिकवून राहिलेत. पॅसेंजरला जमायला लागलंय. मेल-एक्स्प्रेसच्या बाबतीत अजून बोलणी चालू आहेत, तिचं म्हणणं एका चकतीत परवडत नाही.