तोंडाला फेस म्हणजे विषच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा राग मला समजतो. दहा दिवसांत पाच कोल्हे मेले, तोंडाला फेस होता, एकाच्या पोटात रक्त साचलेलं निघालं, यकृतात उंदीरनाशकाचा अंश सापडला. एवढं असूनही मी माझ्या लेखात ‘कारण अनिश्चित’ लिहिणं म्हणजे विष घालणाऱ्याला पाठीशी घालणं, असं तुम्ही म्हणता. शव फ्रीजरमध्ये न टाकण्याचा माझा आग्रहही तुम्हाला पुस्तकी वाटतो.

विष घातलंच नाही, असं मी म्हटलेलं नाही. या खुणांवर ते सिद्ध होत नाही, एवढंच म्हणणं आहे. खरोखर कुणी विष घातलं असेल, तर अशा कच्च्या पुराव्यामुळेच तो सुटेल.

फेसाचं आधी उरकतो. मरताना फुप्फुसात पाणी उतरलं की ते हवेशी घुसळून नाकातोंडाशी फेस येतो. डिस्टेंपर या कुत्र्या-कोल्ह्यांच्या विषाणूजन्य रोगातल्या झटक्यांत येतो, गाडीच्या धडकेनंतरही येतो. एकाच भागात पाठोपाठ मृत्यू झाले म्हणजे विषच, हेही खरं नाही. 2022 मध्ये कॅनडा आणि अमेरिकेत कोल्ह्यांची पिल्लं झोकांड्या खात, झटके येऊन मेली. कारण निघालं एच5एन1 बर्ड फ्लू.

पोटातल्या रक्ताचं मात्र नीट पाहायला हवं, कारण तपास सगळ्यात जास्त फसतो तो इथेच. गाडीच्या धडकेत यकृत फाटतं आणि दाट केसांमुळे बाहेर ओरखडाही दिसत नाही. म्हणून पोट उघडण्याआधी संपूर्ण शरीराचा एक्स-रे हवा. त्यात मोडलेली हाडं दिसतात, बंदुकीचे छर्रेही दिसतात. मग नखं बघायची: रस्त्यावर फरफटलेल्या जनावराची नखं टोकाशी झिजलेली, चिरफाळलेली असतात. त्यानंतर कातडी पूर्ण सोलून आतल्या बाजूचा मुका मार शोधायचा. पोट त्यानंतर.

ब्रोडिफॅकम किंवा ब्रोमॅडिओलोनसारख्या उंदीरनाशकाने रक्त गोठणं थांबतं. अशा वेळी छातीत, सांध्यांत, कातडीखाली, अशा अनेक ठिकाणी रक्तस्राव दिसतो आणि त्याचा उलगडा होईल असा फाटलेला अवयव सापडत नाही. एकाच ठिकाणी मोठा साठा आणि यकृताला भेग असेल, तर पहिला संशय धडकेचा. ‘रक्त गोठलेलं नव्हतं’ एवढ्यावर विसंबू नका. मृत्यूनंतर गुठळ्या पुन्हा विरघळू शकतात. दोन्ही गोष्टी एकत्रही घडतात: अंगात उंदीरनाशक असलेला कोल्हा किरकोळ धक्क्यानेही रक्तस्राव होऊन मरू शकतो. तेव्हा अहवालात दोन्ही नोंदी हव्यात.

यकृतातल्या अंशाचं म्हणाल तर ही रसायनं तिथे महिनोन्महिने टिकतात. विष खाल्लेले उंदीर खाणाऱ्या, एरवी ठणठणीत कोल्ह्यांच्या यकृतातही ती सापडतात. रक्तस्रावाच्या खुणांशिवाय नुसता अंश म्हणजे विषाशी संपर्क आला, इतकंच. शिवाय असं विष खाल्ल्यावर मृत्यू यायला काही दिवस जातात, त्यामुळे शवाच्या आसपास आमिष शोधून हाती काही लागत नाही.

कार्बामेट आणि ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचं उलट आहे. ती मिनिटांत किंवा काही तासांत मारतात. शवाभोवती मेलेल्या माश्या, ओकारीत रंगीत दाणे असं काही दिसलं, तर धुऊन टाकू नका. दाणे, ओकारी, खालची माती वेगवेगळी उचला. इथे मेंदूतलं कोलिनएस्टरेज मोजतात; मज्जातंतूंच्या कामाला लागणारं हे एन्झाइम ही कीटकनाशकं बंद पाडतात. त्याच जातीच्या निरोगी प्राण्याच्या तुलनेत ते निम्म्याहून खाली गेलं असेल तर पुरावा भक्कम. पण कार्बामेटची पकड आपोआप सुटते. शव उन्हात पडून राहिलं तर एन्झाइम सावरतं आणि अहवाल ‘सामान्य’ येतो.

म्हणून शव लगेच थंड करायचं, पण गोठवायचं नाही. दोन-तीन दिवसांत प्रयोगशाळेत पोचणार असेल तर 4 अंशांवर ठेवा. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्यासारखं फारसं उरत नाही. पोचायला उशीरच होणार असेल तर मात्र गोठवा, कारण कुजण्यापेक्षा ते बरं. व्हिसेरा, म्हणजे विषतपासणीसाठी आतले अवयव, राखताना यकृत आणि मूत्रपिंड प्रत्येकी सुमारे 50 ग्रॅम, जठरातला ऐवज सगळा. प्रत्येक नमुना ॲल्युमिनियम फॉइलमध्ये, वेगळ्या पिशवीत. विषतपासणीचे हे नमुने कधीच फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) घालू नका. मेंदू अर्धा गोठवलेला, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये. सूक्ष्मदर्शक तपासणीचे तुकडे एक सेंटिमीटरहून पातळ, फॉर्मॅलिन 10 टक्के आणि तुकड्यांच्या दहापट. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई पुसली जाते.

रेबीज असलेल्या प्रदेशात डोकं उघडण्याचं काम फक्त लस घेतलेल्या प्रशिक्षित माणसाचं. एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस हा माणसालाही बाधणारा फीतकृमी असलेल्या प्रदेशात कोल्ह्याच्या विष्ठेतली अंडी उणे 20 अंशांतही जिवंत राहतात. घरच्या फ्रीजरमधलं शव ‘निर्धोक’ समजून हाताळू नका.

तुमच्याकडे उरलेली दोन गोठवलेली शवं फेकू नका. प्रयोगशाळेला ती गोठवल्याची तारीख सांगा आणि फ्रीजमध्ये हळूहळू वितळवून एक्स-रे, डिस्टेंपर आणि बर्ड फ्लूची पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी), यकृत-जठराची विषतपासणी मागा. सूक्ष्मदर्शक तपासणीची फार आशा धरू नका. बाकी तिन्हींत अजून बरंच मिळण्यासारखं आहे.