आधी लॉग की आधी ब्रेकपॉइंट? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की वेब ॲप्लिकेशनमधली चूक शोधताना मी नवशिक्यांना आधी कन्सोल लॉग शिकवतो, म्हणजे कोडमधली एखादी किंमत ब्राउझरच्या कन्सोलमध्ये छापून बघायला, आणि हे चाचपडणं आहे. पहिल्या दिवसापासून डीबगर (कोड थांबवून आत बघायचं साधन) आणि ब्रेकपॉइंटच (कोड जिथे थांबवायचा ती खूण) हातात द्यायला हवा.

तुमचं एक म्हणणं पूर्ण बरोबर आहे. ऑब्जेक्ट, म्हणजे अनेक किमतींचा गठ्ठा, लॉग केला आणि कन्सोलमध्ये नंतर उलगडला, तर उलगडतानाची स्थिती दिसते, लॉगच्या ओळीवरची नाही. हे लेखात राहून गेलं होतं, आज घातलं.

मूळ मुद्दा मात्र मला पटत नाही. माझी भाची दुधाच्या हिशोबाचं पान बनवत होती. समोर जावास्क्रिप्ट, मागे सर्व्हरवर पायथन. लॅपटॉपवर बेरीज चोख यायची, पण तिच्या आईने फोनवरून लिटर भरले की एकूण रकमेच्या जागी 'नॅन' (NaN, म्हणजे 'हा आकडाच नाही'). सर्व्हरवर नोंद मात्र व्यवस्थित! त्यामुळे तिची खात्रीच झाली की बेरजेचं फंक्शन चुकलंय. त्यात तिच्या दोन संध्याकाळी गेल्या. ब्रेकपॉइंट तिने लावला होता बरं का. पण थांबल्यावर शेजारी व्हेरिएबल्सची ही मोठी यादी, आणि तिची नजर फक्त एकूण रकमेवर.

मी म्हटलं, "फंक्शनमध्ये काय येतंय असं तुला वाटतं? आधी वहीत लिही, मग तेवढंच लॉग कर." तिने इंग्रजी दोन लिहिला आणि आईच्या फोनवरून पान पुन्हा चालवलं.

"मामा, इथे तर मराठी दोन आलाय!"

आईच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता. मजकुराचा आकडा करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी आकडे कळत नाहीत, म्हणून 'नॅन'. तेच काम करणारे पायथनचे इंट आणि फ्लोट ते बिनतक्रार घेतात, म्हणून सर्व्हर गप्प. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. बेरजेआधी प्रत्येक देवनागरी आकड्याच्या क्रमांकातून २३५८ वजा केले आणि काम झालं. फंक्शनला हातही लावावा लागला नाही.

तो मराठी दोन ब्रेकपॉइंटवरही तिच्या डोळ्यांसमोरच होता. पण लॉगची ओळ लिहायची तर नेमकं काय बघायचंय हे आधी ठरवावंच लागतं. मला नवशिक्याला हे ठरवायला शिकवायचंय, आणि डीबगर ते त्याच्यासाठी ठरवत नाही.

हे फंक्शन कुणी बोलावलं, कुठल्या वाटेने आपण इथे आलो, असे प्रश्न पडायला लागले की मी स्वतःच ब्रेकपॉइंटकडे नेतो. तिथे लॉग टाकत बसणं म्हणजे वेळेची नासाडी, हे मान्य. आणि लाइव्ह साइटवर लॉग विसरले जातात, त्यात लोकांचे मोबाइल नंबरही छापले जातात, ही तुमची काळजी रास्त आहे. लेखात त्यावर वेगळा परिच्छेद लिहितोय.

पुढच्या भागात कॉल स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं याची यादी, घेणार आहे, याच दुधाच्या पानावर. तोही असाच बारकाईने वाचा आणि चुका दाखवा.